दोन कॉम्प्युटर, एकच कीबोर्ड आणि मराठी टायपिंग: एक प्रकरण

पुण्यातल्या एका छोट्या पुस्तकमांडणीच्या कार्यालयातलं हे टेबल. डावीकडे विंडोज १० चा डेस्कटॉप, त्यावर इनडिझाइनमध्ये पानं लावली जातात. उजवीकडे उबंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) चा लॅपटॉप, त्यावर लिबरऑफिसमध्ये मूळ मजकूर उघडा असतो आणि दुरुस्त्या तिथे होतात. दोन्हींना आपापला पडदा आहे. संपादिका दिवसभर दोन्हींवर हात फिरवत असत. दोन कीबोर्ड, दोन माउस आणि मधे प्रुफांचा गठ्ठा मावेल इतकं टेबल मोठं नव्हतं. घाईत भलत्याच कीबोर्डवर टाइप होई आणि मजकूर चुकीच्या मशीनवर उमटे. मागणी साधी होती: डेस्कटॉपचा कीबोर्ड आणि माउस दोन्ही मशीनना चालावा.

यासाठी लोक पहिल्यांदा दोन गोष्टी सुचवतात. एक म्हणजे केव्हीएम स्विच: बटण दाबलं की कीबोर्ड, माउस आणि पडदा एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो. दुसरी म्हणजे एनीडेस्क किंवा व्हीएनसीसारखं रिमोट डेस्कटॉप. इथे दोन्हींचा उपयोग नव्हता. केव्हीएम स्विच एकच पडदा आळीपाळीने वापरण्यासाठी असतो आणि इथे दोन्ही पडदे एकाच वेळी डोळ्यांसमोर हवे होते. रिमोट डेस्कटॉप दुसऱ्या मशीनचं चित्र आपल्या पडद्यावर आणतं, पण लॅपटॉपचा पडदा तर हाताच्या अंतरावर होता. चित्र नको होतं, फक्त कळा आणि माउसची हालचाल पलीकडे पोचायला हवी होती.

हे काम करणारी सॉफ्टवेअरं जुनी आहेत. सिनर्जी २००१ मध्ये आलं. त्याच्या मुक्त (कोड सर्वांना खुला असलेल्या) आवृत्तीतून २०१८ मध्ये बॅरियर ही शाखा फुटली, बॅरियरमधून पुढे इनपुट लीप निघालं आणि सिनर्जीचा मुक्त गाभा २०२४ पासून डेस्कफ्लो या नावाने चालतो. दोन्ही मशीन विंडोजची असती तर मायक्रोसॉफ्टचं माउस विदाउट बॉर्डर्स पुरलं असतं. ते आता पॉवरटॉइजमध्ये मिळतं आणि चार मशीनपर्यंत चालतं. दोन्ही ॲपलची असती तर मॅकओएस १२.३ पासून युनिव्हर्सल कंट्रोल आत बसवलेलंच आहे. विंडोज आणि लिनक्स अशी जोडी असली की सिनर्जीच्या कुटुंबातलंच काहीतरी घ्यावं लागतं. उबंटू २२.०४ च्या सॉफ्टवेअर-भांडारात बॅरियर २.४.० मिळतं, म्हणून विंडोजवरही तेच आणि त्याच आवृत्तीचं बसवलं. बॅरियरवरचं काम आता थांबलं आहे, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी इनपुट लीप किंवा डेस्कफ्लो घ्यावं. पोर्ट, पडद्यांची नावं, मांडणी आणि कळांचं गणित सिनर्जी, बॅरियर, इनपुट लीप आणि डेस्कफ्लो या चौघांतही एकाच मुळाचं आहे.

आधी कोण कोणाला हाक मारतं ते समजून घ्यावं, कारण निम्म्या तक्रारी तिथे उगम पावतात. ज्या मशीनला खरा कीबोर्ड जोडला आहे ते सर्व्हर, म्हणजे इथे डेस्कटॉप. ज्यावर कळा जाऊन पडायच्या ते क्लायंट, म्हणजे लॅपटॉप. जोडणी सुरू करतो तो क्लायंट. तो सर्व्हरच्या २४८०० या टीसीपी पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या क्रमांक दिलेल्या दारावर, येतो. म्हणून फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्यात, दार उघडायचं ते फक्त डेस्कटॉपवर. लॅपटॉपवर काहीच उघडावं लागत नाही.

पहिल्या दिवशी लॅपटॉप जोडलाच जात नव्हता. आधी लॅपटॉपवरून डेस्कटॉपला पिंग करून, म्हणजे 'आहेस का' असा छोटा संदेश पाठवून, पाहिलं गेलं, उत्तर आलं नाही आणि नेटवर्कच बिघडलंय असा समज झाला. विंडोजचं फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तरच देत नाही, त्यामुळे पिंग फसणं हा पुरावा नव्हे. तपासायचं ते पोर्ट. उबंटूच्या टर्मिनलमधून नेटकॅट या जोडणी तपासणाऱ्या साधनाने डेस्कटॉपच्या पत्त्यावर २४८०० ठोठावलं, तर तेही बंद. कारण सापडलं: विंडोजने कार्यालयाचं नेटवर्क 'पब्लिक' मानलं होतं आणि बॅरियर पहिल्यांदा उघडताना फायरवॉलने विचारलेल्या चौकटीत फक्त 'प्रायव्हेट'वर खूण केली होती. नेटवर्कचं प्रोफाइल प्रायव्हेट केल्यावर पोर्ट उघडलं. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडूनही जोडणी होत नसेल तर राउटरचं 'गेस्ट' वायफाय पाहावं. गेस्ट नेटवर्कवरच्या यंत्रांना एकमेकांशी बोलू द्यायचं नाही, अशी सोय बऱ्याच राउटरांमध्ये आधीपासून चालू असते.

त्याच बैठकीत राउटरच्या डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या) यादीत डेस्कटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवला. हे केलं नाही तर वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाल्यावर डेस्कटॉपचा पत्ता बदलू शकतो. मग लॅपटॉप जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतो आणि 'काल चालत होतं' अशी तक्रार येते.

पुढची अडचण नावाची. बॅरियर प्रत्येक मशीनला पडद्याच्या नावाने ओळखतो. ते नाव मुळात मशीनचं होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवरचं नाव, असतं. डेस्कटॉपवरच्या मांडणीत लॅपटॉपच्या चौकोनाला 'लॅपटॉप' एवढंच नाव दिलं होतं, तर क्लायंट स्वतःचं नाव मशीनच्या लांबलचक होस्टनेमसकट सांगत होता. सर्व्हरच्या लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदींमध्ये) क्लायंटचं नाव अनोळखी असल्याची ओळ पुन्हा पुन्हा येत होती. चौकोनावर दोनदा क्लिक करून तिथे लॅपटॉपचं होस्टनेम जसंच्या तसं लिहिलं. मांडणी चौकोन ओढून केली तर डावं-उजवं दोन्ही दिशांनी आपोआप जुळतं. ज्यांना कॉन्फिगरेशनची फाइल हाताने लिहायची आहे त्यांनी दोन्ही दिशा लिहाव्यात. 'डेस्कटॉपच्या उजवीकडे लॅपटॉप' एवढंच लिहिलं तर पॉइंटर पलीकडे जातो आणि परत येत नाही.

एन्क्रिप्शनबद्दल, म्हणजे कळा सांकेतिक करून पाठवण्याबद्दल, ठाम राहावं. बॅरियरमध्ये एसएसएल (हेच एन्क्रिप्शन) चालू असताना कधीकधी 'सर्टिफिकेटची फाइल नाही' अशी त्रुटी येते आणि इंटरनेटवर सर्रास मिळणारा सल्ला असतो: एसएसएलची खूण काढून टाका. तसं केलं की कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ नेटवर्कवरून उघडी जाते. त्यात बँकेचा पासवर्डही आला. इथे सेटिंगमध्ये एसएसएल बंद करून सेव्ह केलं, पुन्हा चालू केलं आणि प्रोग्राम परत सुरू केला. सर्टिफिकेट तयार झालं. यानंतर क्लायंटवर सर्व्हरचा ठसा, म्हणजे आकड्या-अक्षरांची लांब ओळ, दाखवून 'विश्वास ठेवू का' असं विचारलं जातं. २.४.० पासून सर्व्हरही क्लायंटच्या ठशाबद्दल विचारतो, कारण त्याआधी नाव माहीत असलेलं कुठलंही यंत्र क्लायंट म्हणून आत येऊ शकत असे. ही त्रुटी २०२१ मध्ये उघड झाली आणि त्या आवृत्तीत बुजवली गेली. दोन्ही पडदे शेजारी आहेत, मग दोन ओळी डोळ्यांनी ताडून पाहायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा द्यावा. आणि २४८०० हे पोर्ट राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडू नये.

जोडणी झाली, लॉगमध्ये 'कनेक्टेड' आलं, पॉइंटर डेस्कटॉपच्या उजव्या कडेतून नाहीसा झाला आणि लॅपटॉपवर कुठेच उगवला नाही. याचं कारण वेलँड, म्हणजे लिनक्समध्ये पडदा आणि कळा-माउस सांभाळणारी नवी व्यवस्था. उबंटू २२.०४ बहुतेक मशीनवर वेलँडचं सत्र उघडतं आणि बॅरियर क्लायंट कळा-माउस घुसवतो तो जुन्या एक्स-११ च्या मार्गाने. वेलँडमध्ये एका प्रोग्रामने साऱ्या सत्राला कळा पुरवायच्या या वाटेला मुद्दाम बंदी आहे. लॉगआउट करून, नावावर क्लिक केल्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात दिसणाऱ्या दातेरी चक्रातून 'उबंटू ऑन झॉर्ग' (म्हणजे एक्स-११ चं सत्र) निवडलं. सेटिंगच्या 'अबाउट' पानावर विंडोइंग सिस्टिमपुढे एक्स-११ दिसलं की झालं. हे सत्र पुढच्या वेळी आपोआप लक्षात राहतं. इनपुट लीप आणि डेस्कफ्लो नव्या नोम आणि केडीईवर (लिनक्सच्या डेस्कटॉप वातावरणांवर) वेलँडमध्येही चालतात, कारण त्यांनी पोर्टल आणि लिबईआय या नव्या मार्गाचा आधार घेतला आहे. मात्र तिथे सत्राच्या सुरुवातीला परवानगीची चौकट येते आणि तिला 'हो' म्हणावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. इंग्रजी टायपिंग पहिल्याच तासात सुरळीत झालं. मराठीचं मात्र विचित्र वागणं सुरू होतं. संपादिका विंडोजवर इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीत टाइप करतात. लॅपटॉपवर गेल्यावर साधी अक्षरं उमटत, पण क्ष, ज्ञ, त्र, श्र गायब होत. 'क्षेत्र' लिहायला गेलं तर नुसती मात्रा लटकलेली दिसे. कधी सगळं इंग्रजीत उमटे, जरी लॅपटॉपच्या वरच्या पट्टीवर मराठी दिसत असलं तरी. कधी काहीच उमटत नसे.

तिन्ही लक्षणांचं मूळ एकच आहे आणि ते कळण्यासाठी तारेवरून नेमकं काय जातं ते पाहायला हवं. कळ दाबली की सर्व्हर एक छोटा संदेश पाठवतो: चार अक्षरांची खूण आणि पुढे दोन-दोन बाइटचे तीन आकडे. पहिला आकडा म्हणजे त्या कळेने सर्व्हरच्या चालू भाषेत कोणतं अक्षर झालं त्याचा क्रमांक, दुसरा शिफ्ट-कंट्रोलची स्थिती, तिसरा कळेचा भौतिक क्रमांक. म्हणजे अक्षर ठरतं ते सर्व्हरवर. विंडोज मराठीत असेल तर के या कळेसाठी 'क' चा युनिकोडमध्ये ठरलेला क्रमांक जातो आणि विंडोज इंग्रजीत असेल तर त्याच कळेसाठी इंग्रजी के जातो. क्लायंट तो क्रमांक घेऊन स्वतःच्या कीबोर्ड-मांडण्यांमध्ये शोधतो की हे अक्षर माझ्या कुठल्या कळेवर आहे, आणि ती कळ दाबल्याचं सोंग करतो.

आता लक्षणं जुळवा. विंडोज मराठीत असताना 'क' जातो, लॅपटॉपवर मराठी मांडणी असेल तर 'क' सापडतो आणि उमटतो. पण इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि ७ दाबलं की 'क्ष' येतो, आणि 'क्ष' हे युनिकोडमध्ये एक अक्षर नाही. ते क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक आहेत. ज्ञ, त्र, श्र यांचंही तसंच, आणि रफार व रकाराच्या कळा दोन-दोन क्रमांकांच्या. संदेशात जागा एकाच क्रमांकाची. म्हणून नेमक्या शिफ्ट आणि ३ ते ८ वरच्या या कळा हरवत होत्या.

दुसरं लक्षण: विंडोज इंग्रजीत, लॅपटॉप मराठीत. इंग्रजी के येतो. क्लायंट मराठी मांडणीत के शोधतो, सापडत नाही, पण शेजारी बसवलेल्या इंग्रजी मांडणीत सापडतो. मग तो तेवढ्यापुरती मांडणी बदलून के उमटवतो. वरच्या पट्टीवर मराठी दिसत राहतं आणि पानावर इंग्रजी पडतं. तिसरं लक्षण विंडोज मराठीत आणि लॅपटॉपवर मराठी मांडणीच नसताना येतं: 'क' कुठल्याच कळेवर नाही, म्हणून कळ गिळली जाते.

उपाय यातूनच निघतो. मराठी घडवायचं ते सर्व्हरवर नाही, जिथे मजकूर पडायचा त्या मशीनवर. आणि तिथेही कीबोर्डच्या मांडणीने नाही, तर इनपुट मेथडने, म्हणजे दाबलेल्या कळांची अक्षरं घडवणाऱ्या प्रोग्रामने. लॅपटॉपवर आयबस-एम१७एन (आयबस ही उबंटूची इनपुट मेथडची व्यवस्था) हे पॅकेज बसवलं. सेटिंगच्या कीबोर्ड पानावरून मराठीची साधी मांडणी काढून टाकली आणि तिच्या जागी एम१७एन गटातली मराठी इनस्क्रिप्ट-२ घेतली. यादीत दोनच नोंदी राहिल्या: इंग्रजी यूएस आणि ही. फरक असा की आयबस कीबोर्डची मांडणी इंग्रजीच ठेवतो. क्लायंटला के लगेच सापडतो, तो के दाबल्याचं सोंग करतो आणि लिबरऑफिसपर्यंत पोचायच्या आधी आयबस त्याचा 'क' करतो. शिफ्ट आणि ७ ची कळ इंग्रजीत एकाच क्रमांकाची असते, म्हणून ती अडखळत नाही. 'क्ष' लॅपटॉपवरच घडतो. कळांच्या जागा इनस्क्रिप्ट आणि इनस्क्रिप्ट-२ मध्ये बहुतांशी त्याच असल्याने बोटांना नवं शिकावं लागलं नाही. फोनेटिक वापरणाऱ्यांनी त्याच गटातली आयट्रान्स किंवा फोनेटिक घ्यावी, तत्त्व तेच.

राहिला एक काटा. पलीकडे जाताना विंडोज इंग्रजीत असलंच पाहिजे. इनडिझाइनमध्ये मराठी टाइप करता करता पॉइंटर उजवीकडे गेला की कळा पुन्हा गिळल्या जात. विंडोजच्या भाषा-सेटिंगमधल्या 'इनपुट लँग्वेज हॉट कीज'मध्ये थेट इंग्रजीवर नेणारी एक कळ नेमता येते. इथे कंट्रोल, शिफ्ट आणि १ नेमली. विंडोज आणि स्पेस या जोडीने भाषा फिरत राहतात, नेमकी कुठली आली ते पाहावं लागतं. नेमलेली कळ कितीदा दाबली तरी इंग्रजीच देते. क्रम महत्त्वाचा: आधी ही कळ, मग पॉइंटर पलीकडे. एकदा पॉइंटर लॅपटॉपवर गेला की सगळ्या कळा तिकडेच जातात आणि विंडोजला ती ऐकू येत नाही. याचाच एक सुखद परिणाम असा की लॅपटॉपवर असताना विंडोज आणि स्पेस दाबलं तर ते उबंटूपर्यंत पोचतं आणि लॅपटॉपची भाषा बदलतं.

तपासणीसाठी एक ओळ ठेवावी: 'दुसऱ्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांचे श्रम'. तिच्यात अर्धा ऱ, क्ष, त्र, ज्ज्ञ आणि श्र सगळे येतात. बॅरियर, इनपुट लीप किंवा उबंटूची आवृत्ती बदलली की पहिल्यांदा ही ओळ टाइप करून पाहावी.

पॉइंटरच्या बारीकसारीक तक्रारी त्यानंतर आल्या. इनडिझाइनची पॅनेलं आणि स्क्रोलबार उजव्या कडेला असतात, तिथे जाताना पॉइंटर निसटून लॅपटॉपवर जाई. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कडेवर २५० मिलिसेकंद थांबल्याशिवाय पलीकडे जाऊ नये, असं ठरवलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात खिडकी बंद करायचा क्रॉस असतो, म्हणून तो कोपरा ५० पिक्सेलपुरता मृत केला. कधी पॉइंटर अजिबात पलीकडे जात नसेल तर आधी स्क्रोल लॉकचा दिवा पाहावा. ही कळ पॉइंटरला एकाच पडद्यावर कोंडते आणि चुकून दाबली गेली तर कोणाच्या लक्षात येत नाही. टास्क मॅनेजरसारखी प्रशासकीय हक्कांची खिडकी पुढे असतानाही पॉइंटर अडतो. कमी हक्कांच्या प्रोग्रामला तशा खिडकीकडे जाणाऱ्या कळा विंडोज ऐकू देत नाही. बॅरियरच्या सेटिंगमधला 'एलिव्हेट'चा पर्याय यासाठीच आहे.

पॉइंटर लॅपटॉपवर झटके देत सरकायचा, विशेषतः क्षणभर थांबून पुन्हा हलवल्यावर. वायफायचा वेग भरपूर होता, पण इथे वेगाचा प्रश्नच नाही. माउसचे संदेश काही बाइटांचे असतात. लॅपटॉपचं वायफाय वीज वाचवायला मधेमधे झोपतं आणि राउटरच्या पुढच्या बीकनला, म्हणजे ठरावीक वेळाने येणाऱ्या खुणेला, जागं होतं. हे बीकन साधारण १०२ मिलिसेकंदांनी येतात. तेवढा उशीर डोळ्यांना स्पष्ट दिसतो. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगच्या फाइलीत वायफाय पॉवरसेव्हपुढे ३ लिहिलेलं असतं, तिथे २ केलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. झटके गेले. बॅटरी थोडी लवकर संपते, पण लॅपटॉप कायम चार्जरवरच असतो. जवळ राउटर असेल तर लॅनची केबल लावणं यापेक्षाही सोपं.

क्लिपबोर्ड दोन्हीकडे चालतो. युनिकोडमधला मराठी मजकूर जोडाक्षरांसह, अक्षरं जोडणाऱ्या अदृश्य झेडडब्ल्यूजे खुणेसह नीट जातो. हा मजकूर पेस्ट करताना नव्हे, तर पॉइंटर पलीकडे जाताना पाठवला जातो. त्यामुळे मोठं चित्र कॉपी केलेलं असेल तर कड ओलांडताना क्षणभर अडकल्यासारखं होतं. इनडिझाइनमधल्या श्रीलिपी फॉन्टांच्या जुन्या फाइलींतून कॉपी केलेला मजकूर लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन पडतो. यात बॅरियरचा दोष नाही. त्या फॉन्टांमध्ये मराठी आकार इंग्रजी क्रमांकांवर बसवलेले असतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. फाइल ओढून एका मशीनवरून दुसऱ्यावर टाकणं विंडोज-लिनक्स जोडीत होत नाही, त्यासाठी सामायिक फोल्डर केला.

शिफ्ट किंवा ऑल्ट दाबलेली असताना कड ओलांडली गेली तर लॅपटॉपला ती कळ अजून दाबलेलीच वाटते आणि सगळं मोठ्या अक्षरांत येऊ लागतं. लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डवर तीच कळ एकदा दाबून सोडली की सुटतं. म्हणून तो कीबोर्ड झाकून किंवा लांब ठेवू नये. सकाळी लॉगिनचा पासवर्डही तिथेच टाइप करावा लागतो, कारण बॅरियरचा क्लायंट संपादिकांच्या सत्रात, लॉगिन झाल्यावरच सुरू होतो.